विशेषक कळींचा इतिहास : टर्मिनलवरील मजकूर-संपादकांच्या विकासाचे एक अंग

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या टर्मिनलवर चालणाऱ्या मजकूर-संपादकांचा, म्हणजे व्यवहारात ज्यांना टेक्स्ट एडिटर म्हणतात त्या प्रणालींचा इतिहास सामान्यतः त्यांच्या कर्त्यांच्या नावांनी सांगितला जातो. ईमॅक्स आणि व्हीआय हे दोन संप्रदाय, त्यांचे अनुयायी आणि त्यांच्यातील वाद एवढ्यावरच तो बहुधा थांबतो. एका संप्रदायाने कंट्रोल व मेटा या कळींच्या जोडण्यांवर आपली आज्ञापद्धती उभारली. दुसऱ्याने साध्या अक्षरांनाच आज्ञांचे काम दिले. हा भेद कर्त्यांच्या अभिरुचीतून उत्पन्न झाला, असे मत रूढ आहे. या मतात तथ्यांश आहे. परंतु ते अपुरे आहे. कळफलक आणि प्रणाली यांना जोडणारी तार काय वाहून नेऊ शकत होती आणि काय नेऊ शकत नव्हती, याचा विचार केल्याशिवाय या दोन्ही पद्धतींचे स्वरूप उलगडत नाही.

शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांसारख्या कळी स्वतः अक्षर उमटवीत नाहीत. दुसऱ्या कळीच्या अर्थात त्या फरक घडवून आणतात. विशेषण जसे नामाचा अर्थ मर्यादित करते, तशीच ही क्रिया असल्यामुळे त्यांना येथे ‘विशेषक कळ’ ही संज्ञा योजिली आहे. टर्मिनलवर काम करणाऱ्याला या कळींसंबंधी काही चमत्कारिक अनुभव येतात. कंट्रोल व आय या कळी एकत्र दाबल्या तर संपादकाला टॅब दाबल्याचे समजते. कंट्रोल-एम आणि एंटर यांत भेद राहत नाही. कंट्रोल आणि डावा चौकटी कंस मिळून एस्केप होतो. कंट्रोल-ए आणि कंट्रोल-शिफ्ट-ए एकच ठरतात. कंट्रोल-१ दाबले असता बहुधा काहीच घडत नाही, किंवा नुसता १ उमटतो. आल्ट-एक्स दाबले तर संपादकाला प्रथम एस्केप आणि मग एक्स अशा दोन कळी आल्यासारखे दिसते. वस्तुतः कोणत्या कळी दाबल्या गेल्या हे कळफलकाला नेमके ठाऊक असते. मग ही माहिती वाटेत कोठे हरवते, कधीपासून हरवते, आणि इतकी वर्षे ती का हरवत राहिली, असे तीन प्रश्न उपस्थित होतात.

२. तारायंत्राचा वारसा

या प्रश्नांचे मूळ संगणकापूर्वीच्या काळात आहे. फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये ज्या मुद्रण-तारायंत्राचे एकस्व घेतले, त्यातून पुढे प्रसृत झालेला संकेत पाच घटकांचा होता. प्रत्येक घटकाच्या दोनच अवस्था असल्याने अशा संकेतात ३२ जुळण्या संभवतात. रोमन लिपीची २६ अक्षरे, दहा अंक आणि विरामचिन्हे यांना ३२ स्थाने पुरत नाहीत. यावर काढलेला उपाय असा, की प्रत्येक जुळणीला दोन अर्थ द्यावयाचे, एक अक्षराचा व दुसरा अंकाचा किंवा चिन्हाचा, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे सांगण्यासाठी दोन स्वतंत्र संकेत राखून ठेवावयाचे. ‘यापुढे अंक’ असा संकेत आला की दुसरी सूचना येईपर्यंत ग्राहक यंत्र अंकच छापीत असे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले डोनल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास हा संकेत टंकलेखन यंत्रासारख्या कळफलकाला सोयीचा होईल असा फिरवून मांडला. परंतु अर्थबदलाची योजना त्यांनीही कायम ठेवली.

या योजनेत शिफ्ट ही स्वतःच तारेवरून जाणारी एक खूण होती, म्हणजे विशेषक हा प्रवाहातील एक स्वतंत्र घटक होता. याचा लाभ असा, की संकेत लहान राहतो. हानी अशी, की वाटेत ती एक खूण बिघडली तर पुढचा सारा मजकूर चुकीच्या अर्थाने वाचला जातो. विशेषकाचा निर्देश करण्याचे तीन मार्ग तत्त्वतः संभवतात. पहिला मार्ग म्हणजे विशेषकाची खूण अक्षराच्या आधी पाठविणे. याला ‘पूर्वचिन्ह’ म्हणता येईल. दुसरा म्हणजे अक्षराच्या संकेतांकातच बदल करणे. हे ‘अंकांतर’ होय. तिसरा म्हणजे अक्षर जसेच्या तसे ठेवून त्यासोबत विशेषकांची वेगळी नोंद पाठविणे. हा ‘सहनिर्देश’ होय. पुढील शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन मार्गांतील येरझारच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

३. आस्कीचे अंकगणित

१९६३ मध्ये अमेरिकेत आस्की हा सात घटकांचा, म्हणजे सात बिटांचा, प्रमाणसंकेत प्रसिद्ध झाला. १९६७ च्या आवृत्तीत लहान रोमन अक्षरांची भर पडून त्याला आजचे रूप आले. सात बिटांमुळे १२८ स्थाने मिळाली. त्यांपैकी पहिली ३२ यंत्रनियंत्रणाच्या खुणांसाठी राखून ठेवली होती. ओळ पुढे सरकविणे, छपाईचा गाडा परत आणणे, घंटा वाजविणे, कागदी फितीचा वाचक सुरू किंवा बंद करणे अशी त्यांची कामे. यांतील एस्केप या खुणेचा, म्हणजे ‘पुढील खुणांचा अर्थ नेहमीचा नाही’ असे सांगणाऱ्या पूर्वचिन्हाचा, पुरस्कार बॉब बेमर यांनी केला होता.

आस्कीच्या रचनेत अक्षरांची स्थाने सहेतुक योजिलेली आहेत. मोठा ए ६५ व्या स्थानी, लहान ए ९७ व्या स्थानी. दोहोंत नेमके ३२ चे, म्हणजे एका बिटाचे अंतर. म्हणून शिफ्ट ही कळ एक बिट बदलून भागवू शकते. कंट्रोलचेही तसेच. ती अक्षराचे वरचे दोन बिट पुसून टाकते आणि त्याला पहिल्या ३२ स्थानांत आणून बसविते. मोठा ए असो की लहान, कंट्रोल दाबताच त्याचा संकेतांक १ होतो. एच ७२ वा, त्याचा ८ होतो, आणि ८ म्हणजे बॅकस्पेस. आय ७३ वा, त्याचा ९ होतो, आणि ९ म्हणजे टॅब. एम ७७ वा, त्याचा १३ होतो, म्हणजे गाडा परत आणण्याची खूण. डावा चौकटी कंस ९१ वा, त्याचा २७ होतो, आणि २७ म्हणजे एस्केप. १९६३ मध्येच बाजारात आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रात हे गणित यांत्रिक जोडण्यांनी साधले जाई. त्या यंत्राला ‘कंट्रोल दाबलेली आहे’ असे वेगळे सांगण्याची सोय नव्हती. तशी गरजही नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कंट्रोल-आय आणि टॅब यांच्यात गोंधळ झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. टॅबची खूण उमटविण्याची एक रीत म्हणजेच कंट्रोल-आय होती. कंट्रोल ही कळ आज्ञांसाठी नव्हतीच. छापता न येणाऱ्या ३२ खुणा मर्यादित कळींतून टंकित करता याव्यात, एवढाच तिचा हेतू होता. पुढे संपादकांनी त्या खुणांना आज्ञांचे अर्थ दिले आणि मूळ यंत्रार्थ व नवा आज्ञार्थ यांच्यात संघर्ष सुरू झाला. कंट्रोल-क्यू व कंट्रोल-एस हे त्याचे ठळक उदाहरण होय. १७ व १९ या स्थानांवरील या खुणा फितीचा वाचक सुरू व बंद करण्यासाठी वापरल्या जात. पुढे त्याच ‘पाठवा’ आणि ‘थांबा’ अशा प्रवाहनियंत्रणाच्या सूचना झाल्या. ईमॅक्समध्ये मात्र कंट्रोल-एस म्हणजे शोध. तेव्हा शोध घेऊ पाहणाऱ्याचा पडदाच गोठून जावा, असे प्रसंग येऊ लागले. व्हीटी-१०० हे टर्मिनल तर आपल्या साठ्यात जागा उरली नाही की स्वतःच १९ ही खूण पाठवीत असे. ती संपादकाच्या हाती पडली म्हणजे कोणी न मागितलेला शोध सुरू होई.

४. समृद्धीचा काळ : मेटा आणि तिचे कुल

टेलिटाइपच्या दारिद्र्याला अपवाद होते ते काही विद्यापीठीय प्रयोगशाळांचे. कळफलकावर आणखी एक कळ असावी आणि तिने संकेताचा आठवा बिट चढवावा, ही सूचना स्टॅनफर्डमध्ये असताना निक्लाउस विर्थ यांनी केली आणि त्यांच्या टोपणनावावरून अशा बिटांना ‘बकी बिट’ म्हणू लागले, अशी परंपरा सांगितली जाते. तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या कळफलकावर कंट्रोल आणि मेटा या दोन कळी दोन स्वतंत्र बिट चढवीत. सात बिटांचे अक्षर आणि त्यावर दोन बिट मिळून नऊ बिट, म्हणजे ५१२ वेगवेगळे संकेत होत. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एमआयटीत, टॉम नाइट यांच्या नावाने ओळखला जाणारा कळफलक व त्यानंतर १९७८ च्या सुमाराचा ‘स्पेस कॅडेट’ कळफलक यांत हा विस्तार कळसाला पोचला. त्यावर शिफ्टखेरीज कंट्रोल, मेटा, सुपर आणि हायपर अशा चार विशेषक कळी होत्या.

१९७६ मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांच्या प्रयत्नांतून टेको या जुन्या संपादकाच्या पायावर ईमॅक्स उभा राहिला, तो या समृद्ध वातावरणात. तेथे अंकांतराचा मार्ग निर्वेध होता, कारण कळफलक, तार आणि प्रणाली या तिन्ही गोष्टी एकाच घरच्या होत्या. मेटा दाबून एक्स दाबले तर प्रणालीला तसेच कळत असे. ईमॅक्सच्या आज्ञांची विपुलता या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. परंतु हा संपादक घराबाहेर पडला, तेव्हा त्याला आस्कीच्या सामान्य टर्मिनलवर राहावे लागले. तेथे मेटा नव्हती. तिच्याऐवजी दोन तोडगे निघाले. ज्या टर्मिनलला आठवा बिट पाठविता येई तेथे त्या बिटालाच मेटा मानावयाचे. इतरत्र एस्केप दाबून नंतर अक्षर दाबावयाचे. म्हणजे अंकांतर शक्य नसेल तेथे पूर्वचिन्ह.

१९८५ पासून प्रसृत झालेल्या ग्नू ईमॅक्सच्या अंतर्रचनेत या जुन्या समृद्धीची स्मृती टिकून आहे. तेथे प्रत्येक कळदाब ही एक संख्या असते आणि तिच्या वरच्या भागात आल्ट, सुपर, हायपर, शिफ्ट, कंट्रोल व मेटा यांना अनुक्रमे २२ पासून २७ पर्यंतच्या घातांकांचे बिट नेमून दिलेले असतात. टर्मिनलवरून मात्र यांतील बहुतेक बिट चढविण्याची वाटच नसे. म्हणून कंट्रोल-एक्स, मग @, आणि मग एस, असे हाताने टंकून पुढच्या कळीला सुपर हे विशेषण जोडण्याची सोय ईमॅक्सने ठेवलेली आहे. खोल्या बांधून तयार. परंतु त्यांत शिरण्यास अरुंद जिना, असा हा प्रकार होता.

५. दारिद्र्यातून निघालेल्या पद्धती

दुसऱ्या संप्रदायाचा जन्म नेमक्या उलट परिस्थितीत झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७६ पासून बिल जॉय यांनी एक्स हा संपादक आणि त्याचे दृश्यरूप म्हणजे व्हीआय घडविला. त्यांचे टर्मिनल लिअर सीग्लर कंपनीचे एडीएम-३ए हे होते आणि संगणकाशी जोड ३०० बॉडच्या मोडेमची होती. त्या टर्मिनलवर स्वतंत्र बाणकळी नव्हत्या; एच, जे, के, एल या कळींवरच बाण छापलेले होते, कारण कंट्रोलसह त्या दाबल्या असता टर्मिनलची पडखूण त्या त्या दिशेला सरके. एस्केपची कळ आज टॅब असते त्या ठिकाणी, हाताशी होती. व्हीआयच्या रचनेतील दोन ठळक गोष्टी, एच-जे-के-एल यांनी फिरणे आणि एस्केपने आज्ञावस्थेत परतणे, त्या कळफलकाशी थेट जुळतात.

व्हीआयमध्ये आज्ञावस्था आणि लेखनावस्था अशा दोन अवस्था असतात. एकीत डी हे अक्षर खोडण्याची आज्ञा होते, दुसरीत ते केवळ अक्षर राहते. ही कल्पना अभिनव म्हणून वाखाणली गेली आहे आणि गोंधळाची म्हणून निंदिलीही गेली आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती अभिनव नाही. बोदो-मरे यांच्या तारायंत्रातील ‘यापुढे अंक, यापुढे अक्षरे’ हीच ती योजना. फरक इतकाच, की ती तारेवरून प्रणालीच्या आत आली. अवस्थेची खूण चुकली तर पुढचे सारे चुकीचे वाचले जाते, हा तारायंत्राचा दोष व्हीआयच्या नवशिक्यालाही भोगावा लागतो. परंतु लाभही तोच आहे. संकेत कमी असले तरी अर्थ अनेक होतात आणि विशेषक कळींवाचून भागते. व्हीआयमध्ये कंट्रोलच्या आज्ञा नाहीत असे नव्हे. पान पुढे-मागे सरकविण्यासाठी त्या आहेत. पण मुख्य भार त्यांच्यावर नाही.

१९७८ मध्ये निघालेला रॉब बार्नबी यांचा वर्डस्टार हा तिसरा मार्ग दाखवितो. त्याने केवळ कंट्रोलवर संसार थाटला. ई, एस, डी, एक्स या डाव्या हाताखालील चार कळी कंट्रोलसह दाबल्या असता पडखूण वर, डावीकडे, उजवीकडे व खाली जाते. कंट्रोलची स्थाने मोजकीच असल्यामुळे ती पुरेनात, तेव्हा कंट्रोल-के आणि कंट्रोल-क्यू यांना पूर्वचिन्हे करून त्यांच्यामागे दुसरे अक्षर येऊ दिले. ईमॅक्समधील कंट्रोल-एक्सचीही हीच भूमिका आहे. सारांश, तिन्ही संपादकांनी एकाच टंचाईला तीन उत्तरे दिली. अभिरुचीचा प्रश्न उत्तरे निवडताना आला. टंचाई मात्र सर्वांची एकच होती.

६. एस्केपची द्व्यर्थता

याच सुमारास टर्मिनलवर बाणकळी व कार्यकळी आल्या. त्यांना आस्कीत स्थान नव्हते, म्हणून एस्केपने आरंभ होणाऱ्या मालिकांची योजना झाली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७५ च्या व्हीटी-५२ या टर्मिनलवर वरचा बाण म्हणजे एस्केप आणि ए अशा दोन खुणा होत. १९७८ च्या व्हीटी-१०० वर एस्केप, डावा चौकटी कंस आणि ए अशा तीन खुणा झाल्या. ही दुसरी पद्धत १९७६ च्या ईसीएमए-४८ आणि १९७९ च्या एएनएसआय एक्स३.६४ या प्रमाणांना अनुसरणारी असून तीच पुढे रूढ झाली. या मालिकांत विशेषकांची नोंद नव्हती. शिफ्टसह बाण आणि नुसता बाण हे एकच राहिले.

आता एस्केप या एकाच खुणेवर तीन कामे येऊन पडली. व्हीआयच्या वापरकर्त्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र कळ, ईमॅक्सच्या दृष्टीने मेटाचे पूर्वचिन्ह, आणि टर्मिनलच्या दृष्टीने बाणकळीचा आरंभ. संपादकाला २७ हा अंक मिळाला असता यांपैकी काय अभिप्रेत आहे हे त्या अंकावरून ठरविता येत नाही. उपाय एकच उरला, तो म्हणजे वाट पाहण्याचा. पुढची खूण त्वरित आली तर मालिका, न आली तर केवळ एस्केप. परंतु ‘त्वरित’ म्हणजे किती? ३०० बॉडच्या जोडणीवर, एका अक्षराला दहा बिट धरले तर, सेकंदाला ३० अक्षरे जातात. म्हणजे तीन खुणांच्या बाणकळीला सेकंदाचा दहावा भाग लागतो. वाट याहून कमी पाहिली तर बाणाचे तुकडे होऊन त्यांतील ए ही आज्ञा समजली जाण्याचा धोका. अधिक पाहिली तर एस्केप दाबणाऱ्याला दिरंगाई जाणवणार. पुष्कळ प्रणालींना आधारभूत असलेल्या एन्कर्सेस या संग्रहात ही प्रतीक्षा मूळतः १००० मिलिसेकंदांची ठेवलेली आहे. जोडणीचा वेग सहस्रपट वाढला, तरी दूरच्या संगणकाशी जाळ्यातून बोलताना मालिकेचे तुकडे वेगवेगळ्या वेळी पोचू शकतात. म्हणून प्रतीक्षा पूर्णपणे काढून टाकणे सोपे राहिले नाही. कालावरून अर्थ ठरविण्याची ही रीत तर्काच्या दृष्टीने सदोषच होय. आल्टसह डावा चौकटी कंस दाबला तर बाणमालिकेच्या आरंभासारखेच दोन संकेत निघतात, या उदाहरणावरून हा दोष विशेष ध्यानात येतो.

७. आठव्या बिटावर हक्क कोणाचा?

मेटासाठी आठवा बिट वापरण्याची रीत टिकली असती तर एस्केपवरील भार काहीसा हलका झाला असता. ती टिकली नाही, याचे कारण जगातील इतर भाषांनी त्या बिटावर सांगितलेला हक्क होय. पश्चिम युरोपीय भाषांची चिन्हांकित अक्षरे १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या प्रमाणाने आस्कीच्या वरच्या १२८ स्थानांत बसविली. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की या संकेतानेही तोच वरचा भाग घेतला. १९९२ मध्ये केन टॉम्सन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत आस्कीबाहेरचे प्रत्येक अक्षर आठवा बिट चढलेल्या अनेक बाइटांनी लिहिले जाते.

या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते. ‘अ’ या स्वराचे बाइट अनुक्रमे २२४, १६४ व १३३ असे आहेत. आठव्या बिटाला मेटा मानणाऱ्या संपादकाने ते वाचले, तर प्रत्येकातून १२८ वजा होऊन ९६, ३६ आणि ५ उरतात. म्हणजे ‘अ’ लिहू जाणाऱ्याने मेटासह उलटा अवतरणटिंब, मेटासह डॉलर आणि मेटासह कंट्रोल-ई अशा तीन आज्ञा दिल्यासारखे होते. मराठी मजकूर आणि आठव्या बिटातील मेटा यांचे सहअस्तित्व अशक्य होते. लिपींचा पक्ष न्याय्य होता आणि तोच टिकला. मेटाला एस्केपच्या आश्रयाला जावे लागले.

कंट्रोलच्या बाबतीत इतर लिपींची अडचण अधिक खोल आहे. वरचे बिट पुसण्याचे गणित रोमन अक्षरांच्या स्थानांवर बेतलेले आहे. देवनागरी ‘क’ चा युनिकोड क्रमांक २३२५. त्यातून ‘कंट्रोल-क’ असा आस्की संकेत निघत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकात रोमन के या कळीवर ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’ येतो. शिफ्टने अल्पप्राणाचा महाप्राण व्हावा, ही रचना आपल्या वर्णमालेला शोभणारी आहे. परंतु कळफलक देवनागरीत असताना कंट्रोलसह तीच कळ दाबली तर टर्मिनलने काय पाठवावे, याचे उत्तर जुन्या संकेतात नाही. म्हणून संपादकांनी आडवाट धरली. ईमॅक्समधील लेखनपद्धती आणि व्हिममधील कळयोजना यांत कळफलक रोमनच राहतो आणि अक्षरांचे देवनागरीकरण संपादकाच्या आत होते. त्यामुळे आज्ञा अबाधित राहतात. ही सोय चांगली आहे, तथापि ती प्रत्येक संपादकाने आपापल्या घरी करून घेतलेली सोय आहे. आज्ञेची भाषा रोमन आणि मजकुराची भाषा आपली, हा भेद टर्मिनलच्या तारेतच विणलेला होता.

८. सहनिर्देशाकडे वाटचाल

१९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो प्रणालीचा आरंभ झाला आणि त्याच वर्षी एक्सटर्म या टर्मिनल-अनुकारकाचेही काम सुरू झाले. अनुकारक म्हणजे जुन्या टर्मिनलची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली. येथे परिस्थितीत मूलभूत पालट झाला. एक्समध्ये कळ दाबली गेली की कळीचा क्रमांक आणि त्या क्षणी दाबलेल्या विशेषकांची नोंद अशी दोन्ही माहिती अनुकारकाला मिळते. म्हणजे सहनिर्देश तेथे पूर्ण आहे. परंतु अनुकारकाचे कामच व्हीटी-१०० सारखे वागण्याचे. म्हणून हाती आलेली माहिती तो टाकून देई आणि संपादकाला १९७८ चीच भाषा ऐकवी. पूर्वी जे यंत्राच्या असमर्थतेमुळे घडत होते, ते आता निष्ठेने घडू लागले.

पुढे थॉमस डिकी यांच्या देखरेखीखाली विकसित होत गेलेल्या एक्सटर्मने बाणकळींच्या मालिकेत एक अंक घालण्यास आरंभ केला. शिफ्टचा १, आल्टचे २, कंट्रोलचे ४ धरून त्यांच्या बेरजेत १ मिळवावयाचा. त्यानुसार कंट्रोलसह वरचा बाण म्हणजे एस्केप, डावा चौकटी कंस आणि ‘१;५ए’. हीच कल्पना सामान्य अक्षरांना लावली म्हणजे कंट्रोल-आय हा टॅबहून निराळा होऊ शकतो. एक्सटर्मने तशीही सोय केली आणि कंट्रोलसह लहान आय, ज्याचा क्रमांक १०५, त्यासाठी ‘२७;५;१०५~’ असे रूप दिले. पॉल एव्हान्स यांनी अधिक सुटसुटीत असे ‘१०५;५यू’ हे रूप पुरस्कारिले. व्हिम या व्हीआयच्या वारसदाराने, ज्याचे कर्ते ब्राम मूलेनार होते, २०१९ साली एक्सटर्मची सोय स्वीकारली.

असे असूनही सुधारणा मंदगतीने पसरली, याचे कारण उघड आहे. भाषा बदलावयाची तर बोलणारा आणि ऐकणारा दोघांचीही संमती लागते. अनुकारकाने एकट्याने नवे रूप पाठविले, तर जुना संपादक त्यातील आकडे मजकुरात उमटवितो. संपादकाने नवे रूप मागितले आणि मध्येच तो कोसळला, तर पुढच्या प्रणालीला ते रूप समजत नाही आणि वापरकर्त्याचा कळफलकच बिघडल्यासारखा होतो.

२०२१ मध्ये कोविद गोयल यांनी आपल्या किटी या अनुकारकात जी कळसंहिता आणली, तिचे महत्त्व संमतीच्या या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आहे. संपादक प्रथम विचारतो, की ही संहिता समजते काय. उत्तर आल्यास हवी तेवढीच सुधारणा मागतो. अनुकारक जुनी अवस्था राखून ठेवतो आणि संपादक निघून जाताना ती परत प्रस्थापित करतो. सुधारणा टप्प्याटप्प्यांच्या आहेत. द्व्यर्थता काढणे, कळ दाबली की सोडली हे सांगणे, आणि कळफलक अन्य लिपीत असला तरी त्या जागेवरील मूळ रोमन कळ कोणती हे कळविणे, या त्यांतील काही होत. शेवटच्या सोयीने ‘कंट्रोल-क’ ला प्रथमच निश्चित अर्थ मिळू शकतो. विशेषकांच्या यादीत शिफ्ट, आल्ट व कंट्रोल यांच्यापुढे सुपर ८, हायपर १६ आणि मेटा ३२ असे अंक दिलेले आहेत. स्पेस कॅडेट कळफलकाची ही नावे चार दशकांनंतर तारेवर परत आली. त्यानंतर व्हिमसह अनेक संपादकांनी व अनुकारकांनी ही संहिता स्वीकारली आहे.

तरीही जुन्याचा पूर्ण उच्छेद झालेला नाही. या संहितेच्या पहिल्या टप्प्यात एंटर, टॅब व बॅकस्पेस या तीन कळी मुद्दाम जुन्याच संकेतांनी पाठविल्या जातात. संपादक कोसळून नवी अवस्था तशीच राहिली, तर वापरकर्त्याला निदान एक आज्ञा टंकून आणि एंटर दाबून टर्मिनल पूर्वपदावर आणता यावे, हा त्यामागचा हेतू. मरे यांच्या काळापासून चालत आलेली गाडा परत आणण्याची खूण येथे अखेरचा आश्रय ठरली आहे.

९. निष्कर्ष

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नांची उत्तरे आता देता येतील. विशेषक कळींची माहिती हरवते ती कळफलकात नव्हे, संपादकातही नव्हे, तर त्या दोहोंमधील संकेतात. ती हरवू लागली, कारण त्या संकेताचा जन्म छपाई यंत्राला चालविण्यासाठी झाला होता, आज्ञा वाहण्यासाठी नव्हे. आणि ती हरवत राहिली, कारण यंत्रे बदलली तरी एकमेकांशी बोलण्याचा करार बदलण्यास दोन्ही पक्षांची एकाच वेळी तयारी लागत होती.

यावरून संपादकांच्या संप्रदायभेदाकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. ईमॅक्सने पूर्वीची समृद्धी अरुंद तारेत कोंबली, व्हीआयने तारायंत्राची अवस्थापद्धती आत घेतली, वर्डस्टारने ३२ खुणांत काटकसर केली. आता तार रुंद झाली असताना त्या पद्धती अनावश्यक ठरतील, असा तर्क कोणी करील. पण अनुभव तसा नाही. व्हीआयच्या अवस्था आज विशेषक कळींची मुळीच टंचाई नसलेल्या सचित्र संपादकांतही वापरल्या जातात. टंचाईतून जन्मलेली रीत टंचाई संपल्यावरही आपल्या गुणांवर टिकू शकते. तिचे गुण कोणते आणि केवळ सवयीचा भाग कोणता, हे वेगळे करून दाखविणे हे या विषयाच्या पुढील अभ्यासकाचे काम होय. आणि आज्ञेची लिपी व मजकुराची लिपी यांतील अंतर नव्या संहितेने प्रत्यक्षात किती कमी झाले, याची तपासणी मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनीच करणे अधिक योग्य ठरेल.